आगबोटीत कसं चढावं

कारंजा, वैशाख वद्य, सन १९५६

आमचे मेहुणे, रिठदचे भूषण, पैनगंगेतले पाणघोडे श्री. गुलाबराव यांस पंजाबरावचा रामराम पोचावा.

इकडे सर्व खुशाल आहे. वांगी उतरत आली, मिरचीवर बोकड्या रोग पडला, आणि तुमच्या भगिनी गोजराबाई यांचं तोंड व गुडघा ही दोन्ही ठिकाणं आपापल्या परीनं कुरकुरत चालू आहेत. तुमच्या दम्याला आराम असावा. (नसल्यास विडी सोडा. तुम्ही सोडणार नाही हे ठाऊक आहे, पण विचारपूस करायची तर पुरती करावी.) वहिनींना नमस्कार. गेल्या खेपेला त्यांनी धाडलेलं लोणचं फार खारट होतं, संपलं.

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही लिहिता की रिठदातून आजवर कोणी आगबोटीत चढलेलं नाही, तुमचा मेव्हणा (म्हणजे मी) मात्र समुद्रावर जाऊन आला असं ऐकलं, तरी चढताना काय काय करावं लागतं ते सविस्तर कळवावं, पारावर वाचून दाखवायचं आहे. दाखवा. लोकांचे डोळे उघडतील. इंग्रज गेला, पण हे लोखंडाचं धूड मागे ठेवून गेला, आणि आपले शहाणे लोक पदरचं तिकीट काढून त्याच्या पोटात शिरतात.

मुळात मी हौसेनं गेलो नव्हतो, हे पारावर आधी सांगा. तुमची भाची पंचफुला रत्नागिरीला आहे. जावई मोजणी खात्यात, त्याचा साहेब रजा देत नाही. पोरीला सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत, आणि तिथला डॉक्टर म्हणतो की घाटातल्या मोटारीचे हिसके नकोत, बोटीनं न्या. आता बोटींची तऱ्हा अशी की पावसाळा तोंडावर आला की त्या बंद. माणसाला पावसात छत्री लागते, यांना अख्खी सुट्टी लागते! म्हणजे मृगाच्या आधी पोर आणली नाही, तर ती परक्या मुलखात, परक्या सुईणीच्या हाती. तिनं पत्रात लिहिलं, "बाबा, तुमीच या. दुसऱ्या कोणाले धाडू नका." मग मी निघालो. तिच्या आईनं तिच्यासाठी गाठोडं बांधलं: शेवया, कुरड्या, ज्वारीचं पीठ, तिखट, चिंचेचा गोळा. सगळं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्यात, लाल काठाच्या.

तर मुंबईच्या धक्क्यावर गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात घ्या. तिकीट मिळालं म्हणजे बोट मिळाली असं नाही. तिकीट म्हणजे उन्हात उभं राहण्याचा परवाना. एक बाबू तिकीट बघतो, दुसरा तेच तिकीट उलटं करून बघतो, तिसरा त्याला भोक पाडतो, आणि चौथा विचारतो की भोक कुणी पाडलं. मग सामानाचा काटा. आपल्या कापसाच्या बाजारात मापारी कितीही चोर असो, निदान "या पाटील, बसा पाटील" म्हणतो. इथला बाबू म्हणाला, "क्या है इसमें?" मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं गाठोड्यात हात घातला, तो नेमका तिखटात, आणि तोच हात डोळ्याला लावला. मी अडवलं नाही. सरकारी कामात अडथळा आणणं गुन्हा आहे. शेवटी त्यानं रडत रडत तुमच्या बहिणीच्या लुगड्यावर खडूनं भली मोठी फुली मारली.

वरच्या वर्गाच्या लोकांना वेगळी वाट. त्यांना खुर्च्या, त्यांना सलाम, त्यांच्या कुत्र्यालाही सलाम. आपण डेकवाले, म्हणजे उघड्या फळ्यांवर पथारी टाकून पडणारे. बोट बुडालीच तर वरचे कोरडे बुडतात की काय, हे मी एका साहेबाला विचारणार होतो, पण त्याला घाई होती.

मग रांग. गुलाबराव, आपण आजवर किती रांगा पाहिल्या! कापसाची गाडी एकदा रांगेत लागली की मालक निंबाखाली घोरत पडला तरी पाळी त्याचीच. कोणी गाडी ढकलीत नाही, ढकलली तर हाणामारी होते, असा चोख कारभार. त्याच रीतीनं मी गाठोडं रांगेत ठेवलं, वर फेटा ठेवला, आणि चहा प्यायला गेलो. परत येतो तर गाठोडं बाजूला, फेटा गाठोड्याखाली, आणि जागेवर नऊवारीतली एक कोकणी म्हातारी, हातात कोंबडीची टोपली. मी म्हणालो, "बाई, माही जागा हाये ही." ती म्हणते, "गाठोडं जायचं असेल तर गाठोड्याला उभं करा. तुम्हाला जायचं असेल तर तुम्ही उभे राहा." मी तिला बाजाराचा कायदा समजावून सांगितला. पंचफुलेचंही सगळं सांगितलं, सातवा, डॉक्टर, मृग. ती ऐकत होती, पण जागा काही सोडली नाही. कोंबडीही माझ्याकडे तुच्छतेनं बघत होती.

एवढ्यात हमाल आला. इथे हमाल तुमचं सामान घेऊन आधी आत पळतो आणि डेकवर तुमची पथारी पसरून जागा धरतो. (म्हणजे बघा, सामान ठेवून जागा धरायची ही आपलीच रीत! पण ती धक्क्यावर चालत नाही, आत चालते. असला उफराटा कायदा.) मी त्याच्या डोक्यावर गाठोडं दिलं. तो फळीवरून असा धावत गेला की जणू खाली जमीन आहे.

आता फळी. धक्का आणि बोट यांच्यामध्ये एक फळी टाकलेली असते. कठडा म्हणावा तर दोर. आपण पैनगंगा ओलांडतो तेव्हा आधी काय करतो? हळदकुंकू वाहतो, नारळ देतो, मग पाऊल टाकतो. ही तर नदीची सासू. पोटुशी लेक याच पाण्यावरून आणायची, मग तिची पूजा नको? म्हणून मी फळीच्या मध्यावर थांबलो, कमरेची पुडी सोडली, आणि नारळ कुठे फोडावा ते बघू लागलो. तर मागे जो गिल्ला झाला! वरून पांढऱ्या कपड्यातला एक जण ओरडतो, "ओ पगडीवाले, आगे बढो!" पुढे आत पोचलेली म्हातारी वळून म्हणते, "अहो, पूजा आत येऊन करा!" कोंबडीसुद्धा ओरडली. धर्म बुडाला तो असा, गुलाबराव. समुद्राला नारळ द्यायला कोणाला सवड नाही, आणि त्याच्यावर बसून जायला सगळे तयार.

बोटीच्या आतलं वर्णन करण्यात हशील नाही. लोखंड, धूर आणि ओकणारी माणसं, यापलीकडे तिथे असणार काय? आणि रत्नागिरीला ती काठाला लागतही नाही. भर समुद्रात उभी राहते आणि बाळंतिणी, म्हातारे, कोंबड्या, सगळ्यांना हलत्या होडीत उतरवतात. ज्या वाहनाला काठाशी यायची लाज वाटते, त्याचं कौतुक रिठदनं करू नये, असं माझं मत पारावर कळवावं.

लेकराबाळांना आशीर्वाद.

आपला,
पंजाबराव

ता. क. हा मजकूर पारावर वाचू नये. वर पंचफुला आल्याचं मी कुठेही लिहिलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. ती आलेली नाही. मीही गेलेलो नाही. नारळ फोडायला फळीवर थांबलो तेव्हा खाली बघितलं. बोट आणि धक्का यांच्यामधलं ते काळं पाणी वर येई, खाली जाई, वर येई. मागचे लोक अंग चोरून उभे राहिले आणि मी दोराला धरून बसत बसत परत धक्क्यावर आलो. भोंगा झाला आणि बोट गेली. माझं गाठोडं डेकवर जागा धरून रत्नागिरीला गेलं, मी धक्क्यावर नारळ धरून उभा. गोजराबाईला सांगितलं की समुद्राला उधाण आलं, बोटी बंद. ती बिचारी रोज विचारते, उतरलं काय उधाण? मला जेवण जात नाही. गुलाबराव, तुम्ही म्हशीसारखे पोहता. पोरीनं "तुमीच या" लिहिलं आहे, पण तुमीच जा आणि माझी लेक आणा. मी तुमच्या पाया पडतो. (हे वाक्य वहिनींना दाखवू नये.)

ता. क. दुसरा. वरचं रद्द समजावं. पत्र पेटीत टाकायला निघालो, तर मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीनं पंचफुला दारात! मागे जावई, डोक्यावर ट्रंक. बोट आली तेव्हा ती मला घ्यायला बंदरावर उभी होती. होडीतून उतरली ती म्हातारी, एका काखेत कोंबडी, दुसऱ्या काखेत आमचं हिरव्या लुगड्याचं गाठोडं. आल्या आल्या म्हणाली, "पंचफुला तूच ना? बाप सुखरूप आहे. धक्क्यावर आहे." मग जावई साहेबाच्या दारात ठाण मांडून बसला आणि रजा घेऊनच उठला.

आईनं दारातच उधाणाचं विचारलं. पोर म्हणाली, "उधाण उतरलं, मंग आली." गोजराबाई आत गेल्यावर माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "मले गाठोडं दिसलं तवाच समजलं, बाबा. मामाच्या गावाले जातानी नदी लागली का तुमी डोये मिटून माहा हात धरत होते. फळीवर कोनाचा हात धरसान? मी तं तिकडं होती." गुलाबराव, मला वाटत होतं की तेव्हा मी तिचा हात धरतो म्हणजे तिला सांभाळतो, असं तिला वाटत असेल. मी बागेत जाऊन मोटेच्या धावेवर बसून रडलो.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा मजकूर. पोळ्यानंतर बोटी चालू झाल्या की बाळाला घेऊन तिला परत जायचं आहे. ती म्हणते, "सोडाले तुमीच या." तेव्हा तिच्या काखेत बाळ असेल, माझा हात धरायला हात मोकळा नसेल. तरी तुमच्या शेतातल्या नाल्यावर एक लांब फळी टाकून ठेवा. कठडा नको, दोर बांधा. मी पुढच्या सोमवारी येतो. गोजराबाईला सांगतो की गुलाबरावाला वांग्याचं बी द्यायचं आहे. नाल्यात पाणी आलं नसेल, तर सुरुवातीला कोरड्यावरच चालेल.