निळा अधिक बारा

रविवार, ४ मे. दुपार.
नवा मॉनिटर आला! सत्तावीस इंची. गुरुवारी सांडोरला, सासरी, मेव्हण्याची, म्हणजे मितेशची हळद झाली, शुक्रवारी लग्न. दोन्हीकडे फोटो मीच काढले, अल्बमही मीच करणार. सासरी सांगून टाकलंय, स्टुडिओवाले तोंडात बोटं घालतील. ऑफिसातून पंधरा दिवसांची रजा.
संकल्प: मॉनिटरचे रंग बरोबर लागल्याशिवाय अल्बमच्या एकाही फोटोला हात लावायचा नाही. रोज सकाळी विनिताला हॉलच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी करून एक फोटो. बायकोचा चेहरा अकरा वर्षं बघतोय. हाच माझा रेफरन्स.

सोमवार, ५ मे.
पहिला फोटो. चेहरा पिवळट. म्हणे फॅक्टरीत सेटिंग करून पाठवतात! डोंबल. मॉनिटरचा निळा वाढवला, अधिक दोन. आता विनिता विनितासारखी दिसते.
ती म्हणाली, हळद गेली नसेल अजून. नवऱ्या मुलाची बहीण म्हणून तिला नवरदेवापेक्षा जास्त फासली होती. तेही खरंच. त्यांच्याकडच्या बायका हळद लावत नाहीत, गिलावा करतात.

बुधवार, ७ मे.
रंग मोजायचं यंत्र मागवलं. स्क्रीनवर लटकवायचं, मग ते रिपोर्ट देतं. फॅक्टरी सेटिंगवर रिपोर्ट: उत्तम. पुन्हा केलं. उत्तम. तिसऱ्यांदा, उत्तम. आणि चेहरा परवापेक्षा पिवळा! यंत्रच बिघडलेलं आलंय. निळा अधिक पाच.
विनिता जेवली नाही. भाताच्या वासानं मळमळतं म्हणाली. लग्नात अरबट-चरबट खायचं, मग दुसरं काय होणार?

गुरुवार, ८ मे.
ट्यूब बदलली. हॉलचे पडदे काढले. आता समोरची अख्खी बिल्डिंग आमच्याकडे बघते. पिवळा जात नाही. अधिक सात.
विनिता सारखी दंड खाजवत होती. म्हटलं, हलू नकोस, फोटो हलतो. तिने हात खाली घेतले. लघवी चहासारखी होते म्हणत होती. म्हटलं, मे महिना आहे, पाणी पी.

शनिवार, १० मे.
एडवर्ड अंकलना बोलावलं. आमच्याच मजल्यावर राहतात, चाळीस वर्षं कलर लॅबमध्ये प्रिंट काढलेत. त्यांनी आधी माझं सगळं सेटिंग काढायला लावलं. मग बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. म्हणाले, मॉनिटर पिवळा असता तर मागची भिंतही पिवळी दिसली असती. भिंत पांढरीशुभ्र आहे. फोटोतले डोळे मोठे करून दाखव म्हणाले. दाखवले. बुबुळाभोवतीचं पांढरं, तेही पिवळं.
विनिता कुठे आहे, विचारलं. झोपलीय म्हटलं. सकाळी अकराला? हर्षवर्धन, आजच डॉक्टरकडे ने, म्हणाले.
मला हसू आलं. रंग जमला नाही की डॉक्टर! जुन्या लॅबवाल्यांना डिजिटल कळत नाही. भिंतीच्या पेंटमध्येच निळी छटा असणार. बिल्डरला विचारायला हवं.
अंकल गेल्यावर बेडरूमच्या दारापर्यंत गेलो. आतले पडदे ओढलेले, नीट दिसलं नाही. लाइट लावला असता तर ती उठली असती. छातीत उगाच धडधडत होतं. चहा कमी केला पाहिजे.

सोमवार, १२ मे.
निळा अधिक बारा. जमलं! मागची भिंत आभाळासारखी निळी झालीय, पण अल्बममध्ये भिंत कोण बघतं?
सासूबाई आल्या. विनिताला बघून केळ्यांची फणी हातातच राहिली. पोरीला कावीळ झाली, लग्नातलं पानी बाधलं, म्हणाल्या. मला विचारलं, डोळे आहेत की बटणं. जावयाला असं बोलतात?
शांतपणे त्यांना खुर्चीत बसवलं आणि सकाळचा फोटो मोठा करून दाखवला. गोरीगुलाबी लेक! त्या एकदा फोटोकडे बघत, एकदा लेकीकडे. शेवटी म्हणाल्या, मलाच मोतीबिंदू झाला असेल. बहुतेक, म्हटलं. तपासून घ्या.
विनितानेही वाकून बघितलं. चांगली दिसतेय की मी, म्हणाली. मग भिंत धरत धरत झोपायला गेली. सासूबाई संध्याकाळच्या आधीच सांडोरला परतल्या.

मंगळवार, १३ मे.
रेफरन्स फोटो उत्तम. अल्बमची बावीस पानं झाली. नवरदेव, नवरी, करवल्या, सगळे टवटवीत.
विनिताने दोनदा विचारलं, आज हळद आहे की लग्न. झोपेत असेल. जास्त झोपलं की माणूस बावचळतो.

बुधवार, १४ मे.
आज फोटो नाही. विनिता भिंतीसमोर उभी राहिली आणि बसत बसत खालीच गेली. मी उचलायला वाकलो. खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. दहा दिवसांत मी तिला इतक्या जवळून बघितलंच नव्हतं.
देवा, काय तो रंग.
अंकलचं दार बडवलं. त्यांनी लगेच चपला घातल्या.

गुरुवार, १५ मे. हॉस्पिटल.
काविळीचं बिलिरुबिन एकवीस. धडधाकट माणसात एकसुद्धा नसतं. लिव्हर झपाट्याने निकामी होत चाललंय, मुंबईला हलवावं लागेल, डॉक्टर म्हणाले. विनिता मला ओळखते, पण मितेशला आप्पा म्हणून हाक मारते. आप्पा म्हणजे तिचे वडील, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.
डॉक्टरांनी विचारलं, पिवळेपणा कधीपासून, कसा वाढला, काही सांगता येईल? म्हटलं, तारखेवार फोटो आहेत. नऊ. एकाच भिंतीसमोरचे. ते म्हणाले, असा नातेवाईक पहिल्यांदाच भेटतोय.
पेन ड्राइव्ह त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला लावला. जुना, कोपऱ्यात तडा गेलेला मॉनिटर. माझा वाढवलेला निळा घरच्या मॉनिटरमध्येच राहिला होता. ५ तारखेपासून सगळं स्वच्छ दिसत होतं. भिंत नऊही फोटोंत पांढरी. फोटो सरकत गेले तशी मितेशने मान फिरवली. सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.
डॉक्टरांनी विचारलं, हे रोज डोळ्यांसमोर असताना तुम्ही घरी काय करत होतात?
मॉनिटरचा रंग जुळवत होतो, म्हटलं.