ओली घडी

माय, तुझ्या हातांची थरथर माझ्यात उतरली आहे का? घरातली पहिली पदवीधर मी, आता प्रयोगशाळेत नोकरी करते, तरी याचं उत्तर मला देता येत नाही.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आपली टपरी. तू कोळशाची इस्त्री फिरवायचीस, मी कपड्यांवर पाणी शिंपडायचे. एकदा मी ओलसर सदरा तसाच घडी करून ठेवला, तेव्हा तू रागावलीस, "ओली घडी घालू नको गं. वाळली की तिथंच बसते. मग कितीबी घास, परत भिजवल्याबिगर निघायची नाय." कॉलेजात सर हायड्रोजन बंध शिकवत होते, तेव्हा मला तो सदरा आठवला. सुती धाग्यातले रेणू अशाच नाजूक बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाणी लागलं की बंध सुटतात, वाळताना नव्या जागी जुळतात. डीएनएचे दोन धागेही याच बंधांनी जोडलेले, सर म्हणाले. एकेक बंध कच्चा, म्हणून तर धागे उकलतात आणि त्यांची नक्कल होते. मी विचारलं, "सर, मूळ धाग्यातच चूक असली तर?" "तर तीही इमानदारीनं उतरते." वर्ग हसला. मला वाटलं, सदरा निदान परत भिजवता येतो.

तुझं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं. आधी तू चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायला लागलीस. मग एका दुपारी इस्त्री सुटली आणि गिऱ्हाइकाची साडी जळाली. गल्ली म्हणाली, बाई पिते. पुढं तू गेलीस; तुझी आईही अशीच थरथरत गेली होती, हे मात्र कुणी बोललं नाही.

आता मला स्थळ आलंय. मुलगा बिडकीनकडच्या कारखान्यात आहे. मावशी रोज बजावते, "मायच्या दुखण्याचं त्यांच्यासमोर काढू नको. लई शिकलीस, आता जरा अक्कल वापर."

"आणि मलाही झालं तर?"

"तवाचं तवा बघू."

डॉक्टर म्हणाले, हा आजार आनुवंशिक, आईला असेल तर लेकीत उतरण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासलं की कळतं.

काल मी रक्त देऊन आले. तिथून सरळ त्या मुलाला भेटले आणि सगळं सांगितलं, साडीपासून आजीपर्यंत. तो चहा न पिताच उठला. मावशीला अजून माहीत नाही. तू नाहीस, म्हणून हे पत्र कुठं टाकायचं नाही; तुला एवढंच सांगते: बोलताना मी पेला दोन्ही हातांनी धरला होता. थंडी नव्हती.