शिंप्याच्या मुलीची दीक्षा

अप्पा, आज पूजा आटोपून उठताना भिंतीला हात लावावा लागला आणि मनात आलं, तुम्ही गेलात तेव्हाचं तुमचं वय मी कधीच मागं टाकलंय. तुमच्याहून म्हातारी झालेली तुमची मुलगी लिहिते आहे, तेव्हा चुकलंमाकलं पदरात घ्या.

शुक्रवार पेठेतलं आपलं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तुम्ही मशीनवर, मी उंबऱ्याशी काज करत बसलेली. मी पाळण्यात असताना काका तापाच्या साथीत गेले. एका मुसलमान मित्राच्या घरी त्यांचं जेवणखाण होतं, म्हणून आपल्या लिंगायत समाजातल्या मोठ्या माणसांनी खांदा द्यायला नकार दिला. शेजारचे तेलुगू विणकर आणि तो मित्र, यांच्या सोबतीनं तुम्ही भावाला माती दिलीत, घरी आलात, गळ्यातलं लिंग काढून आईच्या देव्हाऱ्यात ठेवलंत. “जे मनात न्हाई ते गळ्यात कशाला?” एवढंच म्हणालात, असं आई सांगायची. तिच्या पूजेला मात्र तुम्ही कधी अडवलं नाहीत, उलट बाजारातून येताना तिच्यासाठी बेल आणायचात. मला लिंग बांधायचा विषय निघाला की म्हणायचात, “मोठी झाली की तिचं ती बघंल.”

एकदा मी शाळेतून रडत आले. म्हटलं, “सगळ्या पोरी म्हणतात, तुझा बाप नास्तिक हाय.” तुम्ही मशीन थांबवलंत. “सगळ्या म्हंजे किती? नावं सांग.” मला दोनच नावं आठवली. “मग दोघी म्हण की! दोघींच्या सगळ्या करून घरात आणू नको.” मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. पुढं तीस वर्षं मी वर्गात मुलींना तेच विचारत आले.

मी पंधरा वर्षांची असेन. स्वयंपाकघरात आपण दोघं जेवायला बसलो आहोत, आई भाकरी थापते आहे, आणि मी म्हणते, “अप्पा, मला दीक्षा घ्यायचीय.” तुमचा घास हातातच राहतो.

“आईनं सांगितलं?”

“न्हाई. माझं मला वाटतंय.”

ताटात शेंगांची चटणी तशीच टाकून तुम्ही उठलात. आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. आईसुद्धा घाबरून म्हणाली, “सोड गं बाई, घरात पूजा चाललीय तेवढी पुरं.” पण मी सोडलं नाही. हट्ट तुमचाच होता माझ्यात. मग समाजातली तीच मोठी माणसं दुकानात आली. पोरीनं कुळाची लाज राखली, आता तुमीबी लिंग बांधा, म्हणाली. तुम्ही कापडावरची नजर न काढता म्हणालात, “तिनं तुमच्यासाठी काय केलेलं न्हाई. माझं मत हाय तितंच हाय. तिचं तिला विचारा.”

दीक्षेच्या सकाळी तुम्ही मला एक पांढरी पिशवी दिलीत, लिंग ठेवून गळ्यात घालण्याजोगी लहानशी. मशीनची नव्हे, हातशिलाईची. टाके इतके बारीक, की शोधावे लागत. “तुझ्या देवाशी माझं काई न्हाई,” तुम्ही म्हणालात, “पण पिशवी उसवली तर लोक शिंप्याला हसतील.” मठापर्यंत तुम्ही बरोबर चालत आलात आणि विधी संपेपर्यंत बाहेर पायरीवर, उन्हात बसून राहिलात. आत आला नाहीत. आत न येणारा आणि तरी परत न जाणारा बाप मला मिळाला, याचं मोल मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांनी तुम्ही छातीच्या दुखण्यानं गेलात. शेवटच्या दिवसांत मला बजावलं होतंत, “माझ्यावर मंत्र म्हणू दिऊ नको.” समाजाची माणसं आली, बरोबर मंत्र म्हणायला मठाचे म्हातारे जंगम आले. या खेपेला सगळे खांदा द्यायला तयार होते. मी दारात उभी राहिले. “अप्पांना मंत्र नको हुते.”

“तू तर लिंग बांधलेली पोर,” त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले. “बापाला गती मिळावी, असं वाटत न्हाई तुला?”

“मला वाटतंय. मला मंत्र पायजेत. पण गेलेत ते अप्पा, मी न्हाई.”

आई आत रडत होती. मग जंगमांनीच पोथी काखोटीला मारली आणि म्हणाले, “चला, उचला.” ते सगळी वाट तुमच्याबरोबर मुकाट्यानं चालत गेले. त्यांनी तसं म्हणेपर्यंत मी दारातून हलले नव्हते. ते उभं राहणं मला तुम्हीच शिकवलंत. त्याच्या आधारावर मी पुढं नोकरी केली, एकटी राहिले, कुणाची मिंधी झाले नाही.

हा कागद टाकायला पेटी कुठली? घडी करून पूजेच्या पाटाखाली ठेवीन. मात्र एक गोष्ट कबूल करून टाकते. तिसऱ्या दिवशी दुपारी, आईला न सांगता, मी एकटी तुमच्या मातीपाशी गेले होते. आसपास कुणी नाही असं बघून मी मंत्र म्हटला. पुरा, शेवटपर्यंत. तुमच्यासाठी नव्हे अप्पा, मला राहवलं नाही.