ताईच्या गाडीचं इंजिन

३ फेब्रुवारी

इंजिन जाम ते जामच. एकोणीस वर्षं ताईने ही गाडी कुणाच्या हाती दिली नाही. ड्रायव्हरची सीटही कुणाला मागे सरकवू दिली नाही — मी बसलो की गुडघे स्टिअरिंगला लागतात. "भंगारात घाल," म्हणाली. म्हटलं, दुसरं इंजिन बसवतो आणि गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नको, डाव्या पायाला काम नको. तिचा डावा पाय वर्षभर ऐकतच नाही. हसली. "शाळेत साधी बेरीज जुळत नव्हती तुझी, आता इंजिनं जुळवणार!"

६ फेब्रुवारी

क्लचचं पेडल काढून टाकलं. ताई दारात खुर्ची टाकून बघत होती.

११ फेब्रुवारी

सबंध दिवस जुन्या पार्टांच्या बाजारात. तिच्या औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर गाडीतल्या इंजिनाच्या बोल्टची भोकं उतरवून नेली होती. चष्मेवाल्या दुकानदाराकडे एक इंजिन सापडलं. तीन भोकं तंतोतंत, चौथं बोटभर सरकलेलं. ते जुळवणारा जोडतुकडा लेथवर मीच करीन, पोट त्यावरच तर भरतं. चष्मेवाला म्हणाला, "मेस्त्री, ऑटोमॅटिक गोदामातून मागवतो. तीन आठवडे धरा."

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं, पुठ्ठ्यासकट. दुकानाचं कार्ड तिने ठेवून घेतलं.

१९ फेब्रुवारी

ताईच्या हातातून कप पडला. उजव्या हातातून. "निसटला," म्हणाली. मी तुकडे गोळा करत वायरिंगबद्दल बडबडत राहिलो. भित्रा आहे मी.

२० फेब्रुवारी

इंजिनाचा जोडतुकडा झाला. पुठ्ठ्यावरच्या भोकांवर छान बसला.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. आता उजवा पाय, मग दोन्ही हात. किती दिवस, ते विचारवलं नाही. विचारलं काय — हाताने दाबायचा ब्रेक बसवला तर? त्यांनी फाइल मिटली.

४ मार्च

इंजिन आलं. पण गिअरबॉक्स साधा, क्लचप्लेटसकट! चष्मेवाल्याला फोनवर नको नको ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्या ताईंचाच फोन आला होता, पंधरा तारखेला. म्हणाल्या, साधाच पाठवा. गाडी माझा भाऊ चालवणार आहे, त्याला क्लचशिवाय जमत नाही."

पंधरा तारीख. कप पडला त्याच्या चार दिवस आधी. तिला सगळं ठाऊक होतं, आणि मी रोज समोर बसून तिला ऑटोमॅटिकच्या गमती सांगत होतो.

जाब विचारायचा म्हणून घरी गेलो. ती खिडकीशी बसली होती. "बसतंय का रे सगळं?"

"बसतंय," म्हटलं. मग न्हाणीघरात नळ सोडून रडलो. पोरासारखा रडलो.

९ मार्च

क्लचचं पेडल परत बसवलं. ताईला उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला. मग एकोणीस वर्षांनी ड्रायव्हरची सीट मागे सरकवली. माझ्या पायांच्या मापाने.