कोटाच्या काठातला पिवळा टाका

अण्णा, तुमचा तपकिरी लोकरी कोट मी काल उसवला. उसवायचा काही बेत नव्हता. बळेपेठेतलं दुकान रिकामं करायचंय, मालक इमारत पाडतोय, म्हणून पत्र्याची ट्रंक उघडली तर सगळ्यात खाली तो. तुम्ही गेल्यावर आईने कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता. पाल्याचा भुगा झालाय, कोटाला मात्र कसर लागलेली नाही. मी तो मांडीवर घेतला आणि खालच्या काठावरून अंगठा फिरवला, तुम्ही रोज सकाळी फिरवायचात तसा. डाव्या बाजूला, बगलेच्या शिवणीच्या बरोबर खाली, एक टाका अंगठ्याला लागला. त्या जागी टाके असायला हवे होते माझे, पांढऱ्या दोऱ्याचे. हा पिवळा होता. तिथेच मांडी घालून बसले आणि म्हटलं, बघा, जाऊन इतकी वर्षं झाली तरी पकडलंच मला.

तुम्ही संशयी होता हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. काज-बटणासाठी कापड बाहेर द्यायची वेळ आली की तुम्ही आतल्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, पिवळ्या दोऱ्याचा एक बारीक टाका घालायचात. कापड परत आलं की आधी तो शोधायचा, मग काम बघायचं. कुणी चांगलं कापड काढून घेऊन हलकं चिकटवलं तर कळावं म्हणून. दर कापडाला जागा वेगळी, आणि ती फक्त तुमच्या डोक्यात. काजं करणाऱ्या अक्का हसायच्या, म्हणायच्या, अण्णा स्वतःच्या सावलीलासुद्धा टाका घालून ठेवतील. आई तर म्हणायची, लग्नात माझ्या पदरालाही घातला असेल, अजून मला सापडला नाही. तुम्ही हसायचा नाहीत. कापड बदलत नाही, माणूस बदलतो, एवढंच म्हणून मशीन चालू करायचात.

मी बदलले ते त्र्याण्णव साली. टेलिफोनच्या फॅक्टरीत कॉइल गुंडाळायला जात होते, सव्वीसची होते, आणि फॅक्टरीच्या बसमधून उतरताना एक पाय जमिनीवर, एक पायरीवर असतानाच बस सुटली. कमरेचं हाड चिरलं. दीड महिना पाठीवर झोपून काढला. हाडाच्या डॉक्टरांनी लाल-काळी कॅप्सूल लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ एक. तिने दुखणं जायचं हे खरं, पण आणखीही काहीतरी जायचं. लग्न जमत नाही, सुपरवायझर खवचट बोलतो, सगळं कुठे तरी लांब सरकायचं, थंडीत कुणी अंगावर गोधडी टाकावी तसं. हाड सहा महिन्यांत जुळलं. कॅप्सूल दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सात. डॉक्टरांची चिठ्ठी घडीवर फाटायला आली तरी कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तीच बघून देत होता. तो नाही म्हणाला तर कॉटनपेटेतला, तिसरा मॅजेस्टिकजवळचा. मला चालवत नसेल तेव्हा आई जायची आणि पदराआड आणायची. तिला दोष देऊ नका. पोर दुखतंय म्हणते, एवढंच तिला कळत होतं.

तुम्हाला संशय कधी आला ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. बहुतेक मावशीच्या मुलीच्या लग्नासाठी माझ्या ब्लाउजचं माप घेतलंत तेव्हा. टेप कमरेला लावलात, मग परत लावलात. मागच्या मापापेक्षा दोन इंच कमी. माझी हनुवटी वर करून डोळ्यांत बघितलंत. नंतर सरकारी दवाखान्यातल्या लेडी डॉक्टरांना सांगत होता, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होत्या हो. त्या दिवसापासून घरात नजर फिरू लागली. माझ्या स्ट्रिपांच्या पाठीवर खडूची बारीक रेघ दिसायची, कुठवर संपली ते कळायला. मी रेघ पुसायचे, तुम्ही परत मारायचात, आणि दोघंही ताटावर बसून सांबारात मीठ कमी आहे का यावर बोलायचो. पंधरा दिवसांनी दुपारी दुकानात बोलावलंत. कापायच्या टेबलावर तीन दुकानांच्या तीन स्ट्रिपा ओळीने मांडलेल्या.

"कंबर तुझी एक. तिला तीन दुकानं कशाला लागतात?"

मी म्हटलं, दुखतं, अण्णा. रडलेही, आणि ते रडणं निम्मं खरं होतं. तुम्ही कात्री बाजूला ठेवलीत.

"दुखणं खरं असेल. तू खरी नाहीस."

हे वाक्य मी तुम्हाला कधी माफ केलं नाही. आजही पूर्ण केलेलं नाही, उगाच ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? पण दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मला सरकारी दवाखान्यात नेणारेही तुम्हीच. कॅप्सूल एकदम बंद करू नका, म्हणाल्या लेडी डॉक्टर, स्वल्प स्वल्प उतरवू, दर आठवड्याला एक कमी, आणि औषध हिच्या हातात देऊ नका. सरी, बरं, म्हणालात तुम्ही, आणि दुकानातल्या बटणांच्या कपाटाला कुलूप लागलं. सकाळी तुम्ही कपाट उघडायचात, मोजून कॅप्सूल तळहातावर ठेवायचात, पाणी द्यायचात, आणि मग म्हणायचात, आ कर. सव्वीस वर्षांची बाई, वरच्या फळीवरल्या बटणांसमोर तोंड उघडून उभी. जीभ उचल. आता डावीकडे. रस्त्यावरून कुणी जात असेल तर मला वाटायचं, जमीन दुभंगावी.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती, असं मला कालपर्यंत वाटत होतं. कपाटाला कुलूप लागायच्या आदल्या दिवशी मी सहा कॅप्सूल काढून ठेवल्या होत्या. घरात कुठे ठेवणार? तुम्ही तांदळाचा डबा उपसलात, माझी पुस्तकं झटकलीत, माझ्या परकरांचे नेफे आणि साड्यांचे फॉल बोटांनी चाचपलेत. शिंप्याच्या घरात चोरायचं म्हणजे शिंप्याच्या पलीकडचा विचार करायला हवा. तुमचा कोट दुकानात खुंटीला टांगलेला असायचा. तुम्ही अंघोळीला गेला होता तेवढ्यात खालचा काठ बोटभर उसवला, सहाही कॅप्सूल कापडात गुंडाळून अस्तराआड सरकवल्या आणि अस्तराच्याच पांढऱ्या दोऱ्याने तुरपाई घातली. अशी की इथे उसवलं होतं असं कुणी म्हणणार नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मनात म्हणून मी हसलेसुद्धा. सगळं जग तपासेल हा माणूस, स्वतःचा कोट तपासणार नाही.

पुढचे दोन महिने कसे गेले ते तुम्ही पाहिलंयत. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, पोट वाहतंय, पायांना स्वस्थता नाही, अंगावर काटा, आणि उन्हात बसलं तरी थंडी. तुम्ही मला घरी ठेवेनात, दुकानात मशीनशेजारी स्टूल टाकून बसवलंत. डोळ्यांसमोर असावी म्हणून, दुसरं काय. हातात काहीतरी हवं म्हणून तुरपाई दिलीत. माझे टाके थरथरत वाकडे जायचे, तुम्ही गुपचूप उसवून परत माझ्याच पुढ्यात टाकायचात. एकदा कॅप्सूल घेऊन तास झाला तरी मला काहीच वाटेना, आणि माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. तुम्ही आतली पूड काढून खडू भरता! चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. मी गिऱ्हाइकांसमोर ओरडले, तुम्ही मला फसवताय, हे औषध नाही, हा तुमचा खडू आहे. एक बाई माप अर्धवट टाकून निघून गेली. तुम्ही उठलात, कपाट उघडलंत, उद्याची कॅप्सूल काढून टेबलावर फोडलीत आणि पूड बोटाने जिभेवर ठेवलीत. तोंड वाकडं झालं तुमचं.

"कडू आहे. तूही बघ."

मी बोट लावलं. कडू होती. जगाला तपासणाऱ्या माणसाने स्वतःला तपासून घेतलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. संध्याकाळी माझ्या स्टुलावर तुमचं पितळी अंगुस्तान ठेवलेलं होतं, बोटाच्या मापाला आतून चिंधी लावलेलं. मी ते बोटात घातलं, बरोबर बसलं.

शेवटची कॅप्सूल जानेवारीत संपली. फेब्रुवारीत तुम्ही एका सकाळी, चहा पिता पिता, बटणांच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवलीत. म्हणालात, कुलपाला आता काम नाही, बटणं तूच सांभाळ. अण्णा, ती किल्ली मी आजवर सोन्यासारखी जपली. तुम्ही मला तोंडाने कधी शाबास म्हटलं नाहीत, पण किल्ली दिलीत. विश्वास बसला, असं मी समजले. रोज सकाळी कोट झटकून तुम्ही काठावरून अंगठा फिरवायचात, तेव्हा वाटायचं, कारागिराला आपल्या कामाचा अभिमान असतो. शेवटच्या आजारपणापर्यंत तुम्ही ते करत होता.

आणि काल तो पिवळा टाका. मी तो कापला. खालचे माझे पांढरे टाके केव्हाच उसवून काढलेले. आत हात घातला, रिकामं. कापडाचा गुंडाळा नाही, कॅप्सूल नाहीत, काही नाही. म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझा हात ओळखला असणार, माझे टाके तुमच्याइतके कुणी पाहिलेत? तुम्ही कॅप्सूल काढून फेकल्यात, काठ मिटवलात आणि वर खूण घातलीत. मी पुन्हा तिथे हात घातला की कळावं म्हणून. किल्ली एका हाताने दिलीत आणि दुसऱ्या हाताचा अंगठा शेवटपर्यंत, चार वर्षं, त्या टाक्यावर ठेवलात! मी एवढी चिडले की कोट भिंतीवर फेकला. वाटलं, म्हणजे विश्वास नव्हताच कधी, मी पण परत आलेलं कापडच. मग कोट उचलला, झटकला, आणि टाका पुन्हा बघितला. कापेपर्यंत तो शाबूत होता. तुम्ही दर सकाळी तपासून खात्री करून घेत होता की पोर गेली नाही तिकडे. तशी खात्री रोज मिळत गेली, आणि तुम्ही सुखाने गेलात. हे मनात आलं तेव्हा राग उतरला, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

ते लिहायचंय म्हणून तर हा कागद. कुठल्या पोस्टात टाकणार आहे मी हा? तुमच्या ट्रंकेत जाईल, कोटाशेजारी.

त्या एप्रिलमध्ये फॅक्टरीचं पत्र आलं होतं, आठवतं? रजा फार झाली, यापुढे यायला नको. मी ते तुमच्यापुढे ठेवलं, तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलंत आणि घडी करून खिशात टाकलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही दूध आणायला गेलात असं समजून, मी दुकान उघडलं आणि उसवायची ब्लेड घेऊन सरळ खुंटीपाशी गेले. देवाशप्पथ, कसलाही विचार नव्हता. खुंटी रिकामी होती. एप्रिलच्या उन्हात, अण्णा, लोकरीचा कोट! मी ब्लेड हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग स्टुलावर बसले आणि आईचा एक जुना परकर घेऊन त्याच्या सगळ्या शिवणी उसवत बसले. दुसऱ्या दिवशी कोट खुंटीवर होता, आणि मी त्याच्याकडे गेले नाही. त्यानंतर कधीच गेले नाही. ते माझं आहे, ते मी कुणाला देणार नाही. पण पहिला दिवस माझा नव्हता. तुमचा टाका शाबूत राहिला कारण तुम्ही तो अंगावर घालून निघून गेला होता.

तुम्ही दुपारी परत आलात. कोट बटणांपर्यंत लावलेला, सदरा घामाने ओला, कपाळावरून धारा. आईने विचारलं, हे काय सोंग? तुम्ही म्हणालात, अंगात स्वल्प कणकण आहे. मी कोट उतरवून घ्यायला पुढे झाले आणि तुमच्या मनगटाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.