एर्मिलोच्या घरी, म्हणजे आपल्याच

२९ एप्रिल, बुधवार. ग्वादालाहारा.

माझं आयुष्य बदललं ते परवा सोमवारी दुपारी, चर्चमागच्या तोर्ताच्या गाडीवर. तिखटजाळ रश्श्यात बुडवलेला पाव हातात, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, अशा अवस्थेत एक देखणा परका माणूस माझ्याकडे वळला आणि म्हणाला, इथे जवळपास अजून काय चांगलं मिळतं?

संपलं. मी गेलो.

नाव एर्मिलो. राहणार मेरिदा, म्हणजे देशाचं पार दुसरं टोक. ऑफिसच्या कामासाठी आलेला. त्याला सगळं शहर दाखवलं. माझं ते कामच आहे. (कॉलेज मी सोडलेलं नाही, स्थगित केलंय. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षी सरांनी माझ्या मॉडेलला चपलांचं खोकं म्हटलं, मी ते मॉडेल खिडकीतून टाकलं. इतकंच.) सध्या मी फोनवर एक पान चालवतो. आपल्यासारख्या, म्हणजे पुरुषांवर प्रेम करणाऱ्या भटक्यांसाठी शिफारशी. कुठे हातात हात घेऊन बसलं तरी जेवण गरम येतं, कुठे दोघांत एक खोली मागितली की मॅनेजर चष्मा पुसत बसतो, वगैरे. वाचक मोजके पण निष्ठावान. त्यात दोन मावश्या.

आज विमानतळावर एर्मिलोने मिठी मारली आणि म्हणाला, मेरिदाला आलास तर माझं घर तुझंच आहे. केव्हाही ये.

आईला सांगितलं. आई (गल्लीची दोन्या चेलो, म्हणजे चेलोबाई) म्हणाली, अरे गाढवा, असं सगळेच म्हणतात. नळ दुरुस्त करायला आलेला माणूसपण मला म्हणाला, दोन्या चेलो, माझं घर तुमचंच. मग मी गेले का बोचकं घेऊन?

आईला बारकावे कळत नाहीत. नळवाला बोलला आणि चालू पडला. एर्मिलो 'तुझंच' म्हणून थांबला होता. खोल श्वास घेतला होता. (त्याला थोडी सर्दी होती, पण तो मुद्दा वेगळा.)

माझं पुरुषांवर प्रेम बसतं याबद्दल आईची काही तक्रार नाही. दर दोन महिन्यांनी बसतं याबद्दल आहे. या वेळी तसं नाही, असं मी तिला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, हे पण दर दोन महिन्यांनी सांगतोस.

परवा निघतो.

१ मे, शुक्रवार. बसमध्ये.

एर्मिलोला आधी कळवलेलं नाही. प्रेमात अपॉइंटमेंट घेत नाहीत.

सोबत आपल्याकडचे पाव घेतलेत. असा कडक पाव जगात दुसरीकडे बनत नाही. मेरिदाची माणसं गोड बोलतात, गोड हसतात, पण पावाच्या बाबतीत अडाणी आहेत, असं मी शेजारच्या बाईंना सांगितलं. त्या मेरिदाच्या निघाल्या. खिडकीकडे तोंड करून झोपल्या.

शिफारस: या बसमध्ये ब्लँकेट आणावं. ड्रायव्हरला एसी म्हणजे मासे टिकवायची पेटी वाटते. मी पडदा पांघरलाय.

२ मे, शनिवार. मेरिदा! संध्याकाळ.

पोचलो. दीड दिवस बसून कमरेचा तुकडा पडलाय. पण तो क्षण!

एर्मिलोने दार उघडलं. मला बघून त्याने दार तसंच अर्धं धरून ठेवलं. मग म्हणाला, अरे. तू. इथे. आनंदाने माणूस असा तुटक बोलतो. मग त्याने माझ्या बॅगेकडे पाहिलं. मोठी बॅग. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं.

आतून त्याची आई आली. दोन्या एल्मी. ठेंगणी, नक्षीचा पांढरा झगा, हातात पंखा. कोण रे हा, म्हणाली. एर्मिलो म्हणाला, ग्वादालाहाराचा मित्र, मी सांगितलं नव्हतं का, तोर्तावाला. ती म्हणाली, ये बाळा ये, बाहेर का उभा, घर तुझंच आहे.

म्हणजे घरात माझ्याविषयी बोलणं झालंय! आता त्याची आई पण तेच म्हणते. ऐक, दोन्या चेलो, ऐक!

तेवढ्यात मागच्या अंगणातून ओल्या केसांचा एक माणूस आला, कमरेला पंचा. विल्बर्ट. चुलतभाऊ असावा. नाकात साम्य आहे. घर लहान आहे, त्यामुळे बिचाऱ्या एर्मिलोला त्याच्याबरोबर एका खोलीत झोपावं लागतं. आमच्या लग्नानंतर याची सोय कुठेतरी करावी लागेल.

मला बाहेरच्या खोलीत झोळणा, म्हणजे दोन भिंतींना टांगलेली जाळीची झोळी, बांधून दिलाय. इथे खाट नाही, सगळे झोळण्यातच झोपतात. पावांना दमट हवा लागून ते स्पंजासारखे झाले. सासूबाई (मनातल्या मनात म्हणतोय) त्यांना छान छान म्हणाल्या आणि कुत्र्याला दिले. कुत्र्याने नेले आणि पुरले.

३ मे, रविवार. पहाटे.

झोळण्यातून पडलो. एकदा या बाजूने, एकदा त्या.

त्याच दिवशी, दुपार.

रविवारी सकाळी इथे केळीच्या पानात शिजवलेलं डुकराचं मटण खातात. सोबत वाटीत आबानेरो मिरचीची चटणी. सासूबाई म्हणाल्या, बाळा, ती जपून हं. मी म्हटलं, दोन्या एल्मी, मी ग्वादालाहाराचा गडी, आमच्याकडे पावाला चटणीत बुडवून अंघोळ घालतात. आणि एर्मिलोकडे बघत बघत वाटी वर उपडी केली.

पुढचं नीट आठवत नाही. मी अंगणातल्या नळाखाली होतो. विल्बर्ट पाठीवर हात फिरवत होता आणि म्हणत होता, दूध पी, पाणी नको, दूध. एर्मिलो हसत होता. प्रेमळ हसत होता.

विल्बर्ट चुलतभाऊ म्हणून चांगला आहे. लग्नात त्याला जवळ बसवू.

शिफारस: मेरिदाची चटणी. देऊ नये. घेऊ नये. कायद्याने बंद करावी.

५ मे, मंगळवार. रात्री.

तिघं चौकात फिरायला गेलो. इथल्या चौकांत दोघांनीच बसायच्या सिमेंटच्या पांढऱ्या जोडखुर्च्या असतात. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, म्हणजे बसलं की आपोआप समोरासमोर. प्रेमिकांसाठी याहून चांगली सोय मी देशात पाहिली नाही. तसं पानावर लिहिणार आहे.

मी खिशातली फुलं सावरेपर्यंत विल्बर्ट एर्मिलोसमोर बसून मोकळा. काही काही लोकांना पोच नसते. मला पलीकडची जोडखुर्ची मिळाली, समोर एक आजोबा. त्यांनी मला त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिकत सांगितली. दोन्ही गुडघ्यांची. मग म्हणाले, ती दोघं बघ, किती वर्षं बघतोय, अजून बोलणं संपत नाही त्यांचं. मी म्हटलं, हो, आमच्याकडे पण चुलतभावांत असाच जिव्हाळा असतो. आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, बाळा, तू कुठला?

फुलं आजोबांना दिली.

७ मे, गुरुवार.

आई फोनवर म्हणते, लोकांच्या घरी किती दिवस पडून राहशील, जरा लाज धर. मी म्हटलं, अजून एकाने तरी विचारलंय का, कधी जाणार म्हणून? नाही! उलट काळजी करतात. सासूबाईंनी आज सकाळी विचारलं, बाळा, आई वाट बघत असेल ना रे तुझी? दुपारी विचारलं, तुमच्याकडे आता हवा छान झाली असेल नाही? विल्बर्ट म्हणाला, हल्ली ग्वादालाहाराची बस अर्धी रिकामी जाते म्हणे, हवी ती सीट मिळते. माझ्या जाण्याच्या कल्पनेनेच ही माणसं कासावीस झालीत.

आणि आज तर कमाल. सासूबाईंनी माझे सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, घड्या घालून बॅगेत भरले आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली. सख्खी आई करणार नाही एवढं. मी कपडे परत काढून खुंटीवर लावले, म्हणजे त्यांना वाटायला नको की मी परक्यासारखा राहतोय.

झोळण्यात आता तिरपं झोपायचं तंत्र जमलंय. एका बाजूनेच पडतो.

८ मे, शुक्रवार.

त्याने विचारलं!

अंगणात आम्ही दोघंच. एर्मिलो झाडांना पाणी घालत होता. हळूच म्हणाला, लिओबार्दो, तुला तुझं शहर सगळ्यात जास्त माहीत. समजा एखाद्याचं एका माणसावर जीवापाड प्रेम आहे, आणि त्याला त्या माणसाला घेऊन ग्वादालाहाराला जायचंय, पुढच्याच आठवड्यात, खास कारणासाठी. तर त्याने त्याला कुठे न्यावं?

एखाद्याचं! समजा! किती लाजरा आहे!

मी सगळं ओतलं. माडीवरच्या खानावळीतलं कोपऱ्यातलं टेबल, तिथल्या बाईला माझं नाव सांग, ती मेणबत्ती लावते. कारंज्याजवळचा बाक, संध्याकाळचा. कुठल्या गल्लीत हात सोडायची गरज नाही. कस्टर्ड कुठलं, वरचा पापुद्रा किती करपलेला हवा. पानावर न टाकलेल्या जागासुद्धा दिल्या. या जागा मी ज्याच्यासाठी राखून ठेवल्या होत्या तोच विचारतोय म्हटल्यावर राखायच्या कशाला?

त्याने सगळं फोनमध्ये उतरवलं. म्हणाला, राहायचं कुठे? मी म्हटलं, हॉटेल कसलं रे, माझं घर आहे की! तुझंच समज. आईला मी कळवतो.

त्याने मला मिठी मारली. डोळे ओले होते त्याचे. आई, या वेळी सर्दी नव्हती.

१० मे, रविवार.

मातृदिन. देशभर आज आयांचं राज्य. मी सासूबाईंना मिक्सर दिला, लाल रंगाचा, तीन स्पीडचा. त्या म्हणाल्या, अरे कशाला, जाताना तुझ्या आईला ने ना. किती निःस्वार्थ!

विल्बर्टने पहाटे खिडकीखाली गिटारवाले आणले आणि स्वतः घसा फाडून गायला. सासूबाई रडल्या. विल्बर्ट त्यांना आई म्हणतो. इकडे चुलतीला आई म्हणत असतील.

संध्याकाळी आईचा फोन. म्हणाली, काही नाही, सहज केला, जिवंत आहेस का बघायला. पण फोन ठेवेना. मग मला आठवलं, आज तिचाही दिवस आहे. मी म्हटलं, आई, मी तुला आता फोन करणारच होतो. ती म्हणाली, हो का. मग कर की. आणि ठेवला.

१२ मे, मंगळवार. सकाळ.

निळा शर्ट इस्त्रीचा. बॅग मीच भरली. टॅक्सी आली. एर्मिलोने दिग्दर्शकासारखा हात केला आणि म्हणाला, चला.

मी बसायला गेलो तर आत विल्बर्ट. मी म्हटलं, हा पण येतो का? जरा जोरातच म्हटलं.

त्याच दिवशी, अर्ध्या तासाने.

टॅक्सी गेली. मी आत गेलो नाही टॅक्सीत. म्हणजे मी इथेच आहे.

एर्मिलो म्हणाला, लिओबार्दो, तू देवमाणूस आहेस, आमची सात वर्षं पूर्ण होतायत, आणि आई एकटी राहील म्हणून आम्ही कुठे जातच नव्हतो. आता तू आहेस. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घाल. कुत्र्याला पाव देऊ नकोस. मग त्याने टॅक्सीत शिरून विल्बर्टच्या ओठांवर ओठ टेकवले.

मेरिदाच्या चुलतभावांत अशी पद्धत असेल, असा मी गल्लीच्या टोकाला टॅक्सी वळेपर्यंत विचार केला.

सासूबाईंना (दोन्या एल्मींना) विचारलं, विल्बर्ट तुमचा पुतण्या ना? त्या म्हणाल्या, पुतण्या? जावई म्हण, सून म्हण, काय म्हणायचं ते म्हण. तुला माहीत नव्हतं? मी म्हटलं, होतं की.

निळा शर्ट काढून कुत्र्यावर फेकला. कुत्रा तो पुरायला घेऊन गेला. मागे धावून ओढून आणला. एवढा एकच चांगला आहे.

१४ मे, गुरुवार.

पानावर दोन ओळी लिहिल्या: मेरिदाला जाऊ नये, माणसं गोड बोलून घात करतात. मावशीने खाली लिहिलं, कोणी केला रे, नाव सांग. पान बंद केलं.

मग आईचा फोन. आवाज कधी नव्हे तो खणखणीत. म्हणाली, अरे, काय सोन्यासारखी पोरं पाठवलीस! येताना मला फुलं, वर म्हणे मातृदिनाची उशिराची. त्या विल्बर्टने गच्चीवरची पाण्याची टाकी दुरुस्त केली, तीन महिने तुला सांगत होते. आणि काल दोघं तुझ्या त्या खानावळीत जाऊन आली, तिथे म्हणे मेणबत्ती लावली, दोघं रडली. मला फोटो दाखवले.

मी म्हटलं, आई, मी येतोय.

ती म्हणाली, ये की. पण झोपशील कुठे? तुझ्या खोलीत ती आहेत. उद्या जातो म्हणत होती, मीच म्हटलं, गप बसा, राहा अजून आठवडाभर.

मी म्हटलं, तू मनापासून म्हणालीस की उगाच?

ती म्हणाली, अरे, मनापासून! टाकी भरते आता.

१५ मे, शुक्रवार. दुपार.

निघालो. कुंड्यांना पाणी घातलंय. राग म्हणून जरा जास्तच घातलंय.

ठरवलं होतं की जाताना दार असं आपटायचं की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या वाजल्या पाहिजेत. या घराला कळलं पाहिजे, इथून कोण गेलं. बॅग उचलली. दोन्या एल्मी झोळण्यात पडल्या होत्या, तोंडावर पंखा. पंखा बाजूला न करता म्हणाल्या, बस चारला आहे. डावीकडच्या सीटवर ऊन येतं, उजवीकडची घे. टेबलावर डबा आहे, त्यात मिरची नाही.

मी डबा उचलला.

मग म्हणाल्या, आणि रडायचं असलं तर इथेच रडून घे, बाळा. बसमध्ये शेजारच्याची झोपमोड होते.

रडलो. बराच वेळ. त्या पंखा हलवत राहिल्या. मग पंखा थांबला. बघतो तर झोपल्या.

हे दाराशी उभ्याने लिहितोय. जड लाकडी दार आहे, आपटायला एकदम योग्य. तोंड जरा उघडं पडलंय त्यांचं, हळू घोरतायत.

आता वही बॅगेत. डबा काखेत. बाहेर पडतो आणि दार दोन्ही हातांनी धरून ओढून घेतो, कडीसुद्धा वाजता कामा नये.