चौथ्या गटातले उंदीर

१२ सप्टेंबर १९८८
आज रुजू झाले! मनमाडला दोन वर्षं शिकवण्या घेतल्यावर एकदाचं माझ्या विषयातलं काम मिळालं. हजेरीपटावर डॉक्टर सबनीसांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : कुंदा साळवे, संशोधन सहायक. दोनदा वाचून घेतलं.

प्रयोगशाळा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या अगदी टोकाला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या आवारात आहे. खोल्या तीन आणि माणसंही तीनच : सबनीस साहेब, मी आणि उंदीर सांभाळणारे शिवराममामा. मामांनी गवती चहा पाजला आणि प्रत्येक पिंजऱ्यापाशी नेऊन उंदरांची ओळख करून दिली, पाहुणे दाखवावेत तशी.

प्रयोग सुंदर आहे. एक उंदीर पारदर्शक नळीत कोंडायचा. दुसरा मोकळा. नळीचं झाकण बाहेरूनच, नाकानं ढकललं तर उघडतं. मोकळा उंदीर आतल्याला सोडवतो का, हे पाहायचं. गट चार. पहिला साध्या पाण्यावर, सोबतीनं राहणारा. दुसरा साध्याच पाण्यावर, पण एकेकटा. तिसऱ्याच्या पाण्यात शिसं, पण सोबत आहे. चौथ्याला शिसंही आणि एकटेपणही.

२० सप्टेंबर
कुळगावात एक खोली पसंत पडली होती. मालकीणबाईंनी चहा दिला, गाव विचारलं, मग आडनाव. मग त्यांना एकदम आठवलं की त्यांचा भाचा राहायला येणार आहे. असे भाचे मला नवे नाहीत.

शेवटी खरवईला नव्या इमारतीत जागा मिळाली. चार मजल्यांत सध्या मी एकटी. नळाला पाणी यायचंय, म्हणून प्रयोगशाळेतल्या बोअरचं कॅनमध्ये भरून आणते. चवीला जरा गोडसर आहे. आईला पत्र टाकलं. अण्णांनी आणलेलं स्थळ मी नाकारल्यापासून ते बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना वेगळं लिहिलं नाही.

८ ऑक्टोबर
पहिल्या गटातल्या उंदरानं आज झाकण ढकललं! पाच दिवस तो नळीभोवती फेऱ्या मारत होता. बाजूला दोन शेंगदाणे ठेवले होते. आधी त्यानं सोबत्याला सोडवलं, मग दोघांनी एकेक खाल्ला. शिवराममामांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. वेडीच आहे मी.

चौथ्या गटातला उंदीर नळीला टेकून बसला. आतला किंचाळत होता. यानं दोन्ही शेंगदाणे खाल्ले आणि मिशा साफ केल्या.

मामा म्हणाले, “बाय, येकला जीव आतून सुकतो.”

२६ नोव्हेंबर
सहज म्हणून बोअरचं पाणी तपासलं. चौथ्या गटाच्या बाटलीत जेवढं शिसं, जवळजवळ तेवढंच. आवारात वर्षानुवर्षं रंगाचा गाळ मुरलाय.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मी तीन वर्षं पितोय, मला काय झालंय? तेवढ्यात फोन आला. त्यांच्या भावाला अपघात झाला होता. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला आणि सात नंबरच्या नळीचं झाकण बदलायला सांगितलं.

मामा गावच्या विहिरीचं पाणी पितात, उंदरांचं साधं पाणीही तिथूनच आणतात. माझ्यासाठी रोज एक कळशी आणतो म्हणाले.

१४ जानेवारी १९८९
काल आईचं पत्र आलं. अण्णा पडले, कमरेचं हाड मोडलं. तुझं नाव घेतात, लगेच ये, असं लिहिलंय. जेवताना वाचलं. भात संपवला, ताट धुतलं, झोपले. सकाळी पत्र पुन्हा दिसलं तेव्हा घाबरले. बातमीला नाही. काल मला काहीच झालं नव्हतं, त्याला.

कळशीला मी नको म्हटलं होतं. का म्हटलं, ते आठवत नाही.

मनमाडला गेले नाही.

३ फेब्रुवारी
नीट लिहायला हवं.

साहेब पुण्याला गेलेत. मागची सांडपाण्याची टाकी तुंबली, म्हणून मामा शिडीनं आत उतरले. मी वर उभी. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते म्हणाले, “बाय, गरगरतंय. दोर टाका.” दोर खुंटीला होता. हात पुरत होता. मी घड्याळ पाहिलं. त्यांनी चारदा हाक मारली. अकरा सोळाला आवाज थांबला.

अकरा चाळीसला मी शेजारच्या कारखान्यात जाऊन सांगितलं.

लोक म्हणाले, आत वायू साचला होता, बाई काय करणार? मला कोणीतरी साखरपाणी दिलं.

५ फेब्रुवारी
मामांची बायको, जनाबाई, माझा हात धरून बसली. शेवटी काही बोलले का, विचारत होती. मी नाही म्हटलं.

तिचा हात गरम होता. एवढंच कळलं.

२० फेब्रुवारी
साहेबांनी मामांच्या जागी जनाबाईला घेतलं. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. ती रोज मला घरून भाकरी आणते. म्हणते, एकट्या राहता, वाळलात किती.

ती उंदरांशी मामांसारखंच बोलते. मला तिथे थांबवत नाही — भीती वाटते. तिची नाही.

२ मार्च
कॅन फेकला. विहिरीचंच पाणी पिते. दहा दिवस झाले. काही परत येत नाही.

चौथ्या गटातल्या एकाला साधं पाणी दिलं, सोबत दिली. आठ दिवस. आज नळी ठेवली. तो बसून राहिला. आतला ओरडून ओरडून —

मनगटात जोर नाही. अक्षर बघ कसं झालंय.

९ मार्च
साहेब म्हणाले टाकी परत तुंबलीय, जनाबाईला उतरवा. मी म्हटलं माणूस मेलाय तिथे. ते म्हणाले हो, फेब्रुवारीत. आणि डबा उघडला.

जनाबाईला म्हटलं, उतरू नकोस. ती हसली. “तुमी वर हाय ना बाय, मंग मला कसली भीती?”

सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी —

१० मार्च
आज ती उतरली. मीच दोर तिच्या कमरेला बांधला. दुसरं टोक माझ्या पायाशी. वही मांडीवर आहे.

हाक आली. एक.

ओढायचं असतं. मला माहीत आहे. सगळं माहीत आहे — तिचं नाव, ती काय म्हणतेय, दोर कुठे आहे. माहीत असून जे उठतं माणसात, ते —

दोन. बाय म्हणतेय.

दोर हलतोय. उठते. उठतेच आहे, हे एवढं वाक्य लिहून झालं की